मांजर पाच दिवसांपासून खात नाही: मानेतून नळी घालण्याबद्दल अनुभव आणि सल्ला हवा आहे

नमस्कार. माझ्या मांजरीने, चिमीने, गेल्या पाच दिवसांत जवळजवळ काहीही खाल्लेले नाही. डॉक्टरांनी तिच्या मानेतून अन्ननलिकेत नळी घालण्याचा सल्ला दिला असून उद्या सकाळी मला होकार किंवा नकार कळवायचा आहे. ज्यांनी आपल्या मांजरासाठी हा निर्णय घेतला आहे, किंवा अशा नळीने घरी मांजर सांभाळले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चिमी ११ वर्षांची आहे, तिची नसबंदी झालेली आहे आणि खाण्याच्या बाबतीत ती कधीच नखरेल नव्हती. उलट थोडी जाडच होती, वजन ५.३ किलो. आठवड्यापूर्वी तिला दोनदा उलटी झाली आणि केसांचा गोळा असेल असे समजून मी तिकडे दुर्लक्ष केले. त्यानंतर तिने एक दिवस निम्मेच खाल्ले आणि मग वाटी तशीच राहू लागली. घरातील मोठ्या माणसांचे म्हणणे पडले की पोट बिघडले की जनावर स्वतःच उपास करते, भूक लागली की आपोआप खाईल. मलाही ते पटले आणि त्यात दोन दिवस गेले. ते दोन दिवस आता मला फार खुपत आहेत, कारण मांजराला उपास सोसत नाही हे मला डॉक्टरांकडून नंतर कळले. अन्न थांबले की साठवलेली चरबी यकृताकडे धाव घेते, मांजराच्या यकृताला एवढी चरबी एकदम हाताळता येत नाही आणि ती यकृताच्याच पेशींत साचत जाते. जाड मांजरांमध्ये हा धोका अधिक असतो. यकृत बिघडले की मळमळ वाढते आणि मळमळीमुळे खाणे आणखी दूर जाते.

रक्ततपासणी आणि सोनोग्राफी झाली. स्वादुपिंडाला सूज आहे, यकृताचे आकडे वाढलेले आहेत, बिलिरुबिनही (रक्तातले पिवळे द्रव्य, जे वाढले की कावीळ दिसते) थोडे वर गेले आहे. मूत्रपिंडे मात्र ठीक आहेत. वजन आता ४.७ किलो आहे. काल दुपारी खिडकीपाशी तिचा कान उलटून पाहिला तेव्हा आतली कातडी नेहमीसारखी गुलाबी न दिसता किंचित पिवळसर दिसली.

कातडीखालून सलाइन, उलटी थांबवण्यासाठी मॅरोपिटंट, वेदनेसाठी इंजेक्शन आणि भूक वाढवण्यासाठी मिर्टाझपिन असे उपचार सुरू आहेत. मिर्टाझपिन दिल्यावर ती रात्रभर घरात फिरत आणि ओरडत राहिली. ती वाटीपाशी येते, वाकून वास घेते, दोन-तीनदा ओठ चाटते, आवंढा गिळते आणि मग वाटीभोवतीची फरशी पंजाने खरवडू लागते, जणू मातीने काहीतरी झाकते आहे. त्यानंतर पाठ फिरवून पलंगाखाली जाते. हनुवटीखालचे केस लाळेने ओले असतात. मी चार तऱ्हांचे अन्न चार ताटल्यांत मांडून पाहिले, कोमट करून पाहिले, बोटाने ओठांना लावून पाहिले. शेवटी सिरिंजने भरवायला गेले तेव्हा तिला जोराचा ठसका लागला, आणि तेव्हापासून मी स्वयंपाकघराकडे वळले तरी ती लपते. तिने माझ्यापासून लपावे, याचे दुःख तिच्या आजाराइतकेच मोठे आहे.

आता प्रश्न नळीचा. इतक्या अशक्त मांजरीला भूल देणे योग्य आहे का? मानेला भोक पाडणे हा तिचा छळ तर होणार नाही ना? आणखी दोन दिवस औषधांची वाट पाहून, तोवर सिरिंजने चिकाटीने भरवत राहिले तर चालेल का? मला दिवसातले आठ तास बाहेर राहावे लागते, तर घरी हे सगळे जमते का?

प्रतिसाद

ताई, तुमच्या मनात आज जे चालले आहे ते मी अनुभवले आहे. माझ्या बोक्याला पाच आठवडे नळी होती, म्हणून थोडे मोठे लिहितो.

आधी सिरिंजचा हिशेब मांडू. मांजराला विश्रांतीत लागणाऱ्या उष्मांकांचा ढोबळ अंदाज काढताना वजनाच्या किलोंना ३० ने गुणून त्यात ७० मिळवतात. ४.७ किलोच्या चिमीसाठी हे दिवसाला सुमारे २१० किलोकॅलरी होतात. आजारी मांजरांसाठीच्या पातळ अन्नात दर मिलिलिटरला साधारण एक किलोकॅलरी असते, म्हणजे दिवसाला सुमारे २१० मिलिलिटर अन्न तिच्या पोटात जायला हवे. ५ मिलिलिटरच्या सिरिंजने ते देताना ४२ वेळा तिला धरावे लागेल, आणि त्यातले निम्मे तिच्या छातीवर आणि तुमच्या बाहीवर सांडेल. हे मी चार दिवस करून पाहिले. अन्न पोटात गेले नाहीच, पण आमचे दोघांचे नाते मात्र बिघडले. छळ होतो तो इथे. नळीने तो थांबला.

ती फरशी खरवडते ना, तो नखरा नव्हे. ओठ चाटणे, आवंढे गिळणे, लाळ गळणे ही मळमळीची लक्षणे आहेत. तिला भूक लागते आहे म्हणून ती वाटीपाशी येते, पण वास नाकात गेला की पोटात ढवळते. अशा वेळी समोर ठेवलेल्या अन्नाशीच मांजर त्या त्रासाचा संबंध जोडते आणि बरे झाल्यावरही त्या अन्नाला तोंड लावत नाही. म्हणून चारही ताटल्या आजच उचला आणि तिच्या सर्वांत आवडीचे अन्न मळमळ थांबेपर्यंत अजिबात दाखवू नका. मी नेमकी तीच चूक केली होती.

नळी बसवायला थोडाच वेळ लागतो आणि भूलही लहानशी असते. धोका अजिबात नाही असे मी म्हणणार नाही, पण कान पिवळे दिसत असताना दोन दिवस थांबण्याचा धोका मला त्याहून मोठा वाटतो. नळी असतानाही मांजर तोंडाने खाऊ शकते, आणि औषधेही बारीक करून पाण्यातून नळीनेच देता येतात, त्यामुळे गोळीसाठी जबडा उघडण्याची झटापट संपते. काढताना बहुधा भूल लागत नाही. भोक टाक्यांशिवाय काही दिवसांत आपोआप भरून येते.

आठ तास बाहेर राहण्याची अडचण येत नाही. मी सकाळी दोनदा, घरी आल्यावर एकदा आणि झोपण्यापूर्वी दोनदा देत असे.

प्रतिसाद

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते. वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, काही गोष्टी तेवढ्या जोडते; अंतिम शब्द अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

यकृत बिघडलेल्या मांजरांत रक्त गोठण्याची क्रिया मंदावलेली असू शकते, म्हणून नळी घालण्यापूर्वी त्याची तपासणी करायची का आणि जीवनसत्त्व के द्यायचे का, हे उद्या अवश्य विचारा. नळी बसल्यावर तिचे टोक योग्य जागी आहे याची एक्स-रेने खात्री करून घेतात.

पहिल्याच दिवशी पूर्ण २१० मिलिलिटर देण्याची घाई करू नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेले की रक्तातील पोटॅशियम आणि फॉस्फरस घसरू शकतात, आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणून पहिल्या दिवशी पाव ते एक तृतीयांश, म्हणजे साधारण ५० ते ७० मिलिलिटर, पाच-सहा वेळांत विभागून द्यायचे आणि तीन-चार दिवसांत पूर्ण मात्रेपर्यंत न्यायचे. या काळात रक्ताची फेरतपासणी होणे आवश्यक आहे.

अन्न अंगाइतके कोमट असावे आणि दर वेळी दहा-पंधरा मिनिटे घेऊन सावकाश द्यावे. अन्नापूर्वी आणि नंतर ५ ते १० मिलिलिटर कोमट पाणी नळीतून सोडावे, नाहीतर नळी तुंबते. नळी कातडीतून जिथे बाहेर येते तिथे तिच्यावर पेनाने खूण करून घ्या आणि दर वेळी अन्न देण्यापूर्वी ती खूण जागच्या जागी आहे ना हे पाहा. जोराच्या उलटीत नळीचे टोक तोंडात वर येऊ शकते, आणि तशी शंका आली तर एक थेंबही न देता दवाखाना गाठा. देताना ती ओठ चाटू लागली किंवा आवंढे गिळू लागली तर तिथेच थांबा.

आज रात्रीपुरते सिरिंजबद्दल: ठसका लागलेल्या, मळमळणाऱ्या मांजरीला जबरदस्तीने भरवू नका, अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. श्वास जलद चालत असेल किंवा तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल तर सकाळची वाट पाहू नका. आणि घरातली माणसांची औषधे देऊ नका; पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

प्रतिसाद (धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. बेचाळीस वेळा धरण्याचा तो हिशेब मी घरात सर्वांना वाचून दाखवला आणि निर्णय झाला. ताटल्या उचलल्या आहेत. जीवनसत्त्व के आणि फॉस्फरस यांचे प्रश्न कागदावर लिहून नेत आहे.

प्रतिसाद (धागाकर्ती, बाराव्या दिवशी)

कळवायला उशीर झाला, क्षमा असावी. नळी दुसऱ्याच दिवशी बसवली. नळी घालण्यापूर्वी जीवनसत्त्व के दिले गेले. भुलीतून ती नीट बाहेर आली. पहिल्या रात्री माझे हात इतके थरथरत होते की १० मिलिलिटर द्यायला वीस मिनिटे लागली, आणि तेवढ्या वेळात ती माझ्या मांडीवर झोपी गेली. चौथ्या दिवशी पूर्ण मात्रा सुरू झाली. एकदा नळी तुंबली. कोमट पाणी हलक्या हाताने आतबाहेर ओढत राहिल्यावर मोकळी झाली.

बिलिरुबिन उतरले आहे आणि वजन ४.८ किलो आहे. परवापासून ओठ चाटणे थांबले, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने पूर्वी कधी न खाल्लेल्या चवीचे थोडे अन्न ताटलीत ठेवून मी खोलीबाहेर गेले. काल पहाटे ताटली फरशीवर सरकल्याचा आवाज आला. जाऊन पाहिले तर कडेचे चमचाभर अन्न संपले होते आणि ती ताटलीशेजारी बसून मिशा पुसत होती.

आता एकच विचारायचे आहे. नळीच्या तोंडाशी कातडी थोडी ओलसर आणि लालसर दिसते, पण सूज किंवा दुर्गंधी नाही. रोज पट्टी बदलते आहे. असे होणे नेहमीचे आहे, की शुक्रवारच्या तपासणीपूर्वीच दाखवून यावे?

प्रतिसाद

किंचित ओलसरपणा आणि लाली बऱ्याच मांजरांत दिसते, पण पू, सूज, दुर्गंधी यांपैकी काही दिसले किंवा तिथे हात लावल्यावर ती दचकू लागली तर त्याच दिवशी दाखवा. आज उजेडात एक फोटो काढून दवाखान्यात पाठवून ठेवा, म्हणजे उद्याच्या फोटोशी ताडून पाहता येईल. आणि ती चमचाभर खाऊ लागली म्हणून नळी काढण्याची घाई करू नका. आमच्या दवाखान्यात नळीने काहीही न देता मांजर आठवडाभर स्वतःहून पुरेसे खाते आणि वजन टिकवते, तेव्हाच ती काढतात.