'प्रचारपट' म्हणावे की 'प्रबोधनपर चित्रपट'?

मूळ प्रश्न : पुण्यातील एक अनुवादक
लोकप्रिय चित्रपटांतून राजकीय संदेश द्यावा की देऊ नये, या विषयावरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद मी सध्या करत आहे. मूळ लेखात 'प्रोपगंडा' हा शब्द वारंवार येतो आणि त्यासाठी मी 'प्रचार' योजला आहे. मराठी वाचकांना जवळचे उदाहरण मिळावे म्हणून 'प्रभात फिल्म कंपनीचा "शेजारी" (१९४१) हा हिंदू-मुस्लिम ऐक्याचा प्रचारपट होता' अशी तळटीप घातली, तर संपादकांनी तो शब्द खोडून 'प्रबोधनपर चित्रपट' असे केले. 'प्रचारपट' म्हटल्याने त्याचे दिग्दर्शक शांताराम यांचा अधिक्षेप होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. खरोखरच होतो का?

कोल्हापूरच्या निवृत्त शिक्षिका
मुळीच होत नाही. एखादी चाल रूढ असली की ती 'प्रचारात आहे' असे आपण आजही लिहितो. त्यात कोणालाही निंदा दिसत नाही. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने १९३६ साली हाच शब्द आपल्या नावात अभिमानाने घेतला. आमचे आजोबा खादीप्रचारक होते आणि घरात ही ओळख मानाने सांगितली जात असे. आचार, संचार, प्रचार ही एकाच 'चर्' धातूची भावंडे आहेत, मग त्यांतल्या एकालाच बदनाम का करावे?

नागपूरचे एक माजी वृत्तसंपादक
बाई, शब्दाचे कूळ सांगितल्याने त्याची आजची वागणूक बदलत नाही. दर निवडणुकीत आम्ही 'प्रचाराच्या तोफा थंडावल्या' असे छापत आलो आणि तेवढ्यानेच या शब्दाला मते मागणाऱ्याचा वास लागला. 'प्रोपगंडा'चेही तसेच झाले. १६२२ साली रोममध्ये धर्मप्रसारासाठी स्थापन झालेल्या मंडळाच्या लॅटिन नावातून तो आला आणि तेव्हा तो भूषणावहच होता. विसाव्या शतकातील महायुद्धांनी त्याला कलंक लावला. 'अपप्रचार' येथे चालणार नाही, कारण त्यात खोटेपणा गृहीत धरलेला असतो. त्यापेक्षा 'प्रोपगंडा' हाच शब्द ठेवावा, तो सर्वांना समजतो.

ठाण्याचे एक भाषाप्रेमी
'सर्वांना समजतो' ही सबब मला मान्य नाही. बोलपट, दिग्दर्शक, मध्यंतर हे शब्द कोणीतरी हट्टाने वापरले म्हणूनच आज आपल्याला सहज वाटतात. 'मतप्रसारपट' असा शब्द घडवावा. पहिली दहा वर्षे तो खटकेल, नंतर खटकणार नाही.

मुंबईतील रंगभूमीच्या एक अभ्यासक
आपण सर्वजण संदेशाला नाव शोधत आहोत, पण तो संदेश प्रेक्षकांपर्यंत कसा पोहोचत असे, हे पाहिल्याशिवाय नाव सापडणार नाही. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त (१९०७) व्हाइसरॉय राहिलेल्या कर्झनचे नाव कोठेही नव्हते, तरी प्रेक्षकांनी कीचकाला बरोबर ओळखले आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. प्रभातच्या संत एकनाथांवरील चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. त्यात गांधीजींची सूचना दिसल्याने आक्षेप आला आणि १९३५ साली तो 'धर्मात्मा' या नावाने प्रदर्शित झाला. 'शेजारी'त तर संदेश कथेपलीकडे नटांच्या निवडीपर्यंत गेला होता. गजानन जागीरदारांनी त्यात मुस्लिम शेजारी मिर्झा रंगवला आणि 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत हिंदू शेजाऱ्याची भूमिका मझहर खान यांनी केली. पडद्यावर एकही भाषण न करता केलेले हे राजकीय विधान आहे. ज्या प्रेक्षकांनी हे सारे ओळखून दाद दिली, त्यांच्यासमोर राजकारण चित्रपटात असावे की नसावे, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. ते कथेच्या रक्तात आहे की पात्राच्या तोंडी कोंबले आहे, एवढेच विचारावे. हा फरक 'प्रचारपट' सांगत नाही आणि 'प्रबोधनपर'ही सांगत नाही.

मूळ प्रश्नकर्ते अनुवादक
हा फरक मराठीने आधीच केला आहे, असे मला आता वाटते. समीक्षक नापसंती दाखवताना 'प्रचारपट' क्वचितच म्हणतात, ते 'प्रचारकी' म्हणतात. पहिला शब्द हेतू सांगतो, दुसरा ढंग सांगतो. त्यामुळे एखादा चित्रपट प्रचारपट असूनही प्रचारकी नसू शकतो, आणि 'शेजारी' मला नेमका तसा वाटतो.

निवृत्त शिक्षिका
हे पटले. 'पाटीलकी'तला 'की' हा प्रत्यय येथेही असावा, म्हणजे एखाद्याने मिरवलेला अधिकार.

माजी वृत्तसंपादक
तसे नाही. 'पाटीलकी' हे नाम आहे आणि 'प्रचारकी' हे विशेषण. 'शिक्षकी पेशा', 'पुस्तकी ज्ञान' यांप्रमाणे येथे 'प्रचारक' या शब्दाला 'ई' लागला आहे. म्हणजे दोष प्रचाराला दिलेला नसून प्रचारकाला दिलेला आहे.

निवृत्त शिक्षिका
म्हणजे अखेर दोष आमच्या आजोबांच्याच माथी आला! 'शिक्षकी पेशा' म्हणताना आपण शिक्षकाला नावे ठेवत नाही, मग 'प्रचारकी'तच प्रचारक दोषी कसा ठरतो?

ठाण्याचे भाषाप्रेमी
या प्रश्नाचे उत्तर प्रत्ययात मिळणार नाही. 'पुस्तकी' या शब्दालाही कमीपणा कधी चिकटला, ते जुन्या कोशांत पाहावे लागेल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशापासून सुरुवात करू.