अनुभव धागा : खान्देशातून समुद्राकडे – मोठ्या लाटा पाहताना

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही आपल्या दारावरून वाहणारी तापी सुरतच्या पुढे डुमसजवळ अरबी समुद्राला मिळते, आणि भुसावळ–सुरत गाडीने शनिवार-रविवार साधून डुमस, वलसाडजवळचे तिथल किंवा दमण गाठणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. किनाऱ्यावर फेरफटका मारताना नेहमीपेक्षा मोठ्या लाटा आपण पाहिल्या असतील, तर तो अनुभव येथे लिहावा, अशी आग्रहाची विनंती आहे. ठिकाण, महिना, तिथी आणि भरतीची वेळ अवश्य द्यावी, कारण त्यावाचून लाटेचे वर्णन अपुरे राहते. सुरुवात मी करतो.

जळगाव
आषाढी अमावास्येच्या आसपास आम्ही हरिहरेश्वरला होतो. मंदिरामागच्या डोंगराला वळसा घालणारी प्रदक्षिणेची वाट भरतीच्या वेळी वापरता येत नाही, म्हणून आम्ही वरच्या पायऱ्यांवरच थांबलो. बराच वेळ पाहिल्यावर ध्यानात आले, की लाटा एकसारख्या येत नाहीत. काही वेळ मध्यम लाटा येतात आणि मग तीन-चार थोराड लाटा पाठोपाठ येऊन खालचा सगळा कातळ झाकून टाकतात. पाणी मागे सरले की जाळीदार झिजलेल्या काळ्या खडकाच्या प्रत्येक खळग्यातून बारीक धारा गळू लागत, आणि त्या पुरत्या गळण्याआधीच पुढची लाट येई. चष्म्याची काच खाऱ्या तुषारांनी धुरकट झाली होती. तेथील एका वृद्ध गृहस्थांनी मुलांना बजावले, "समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका, बाळांनो." पाच मिनिटे शांत दिसलेला खडक सुरक्षित का मानू नये, हे त्या दिवशी मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसले, याचे मला फार समाधान वाटते.

नंदुरबार
जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाच्या दिवसांत आम्ही वलसाडला नातेवाइकांकडे होतो. तिथलचा किनारा पर्यटकांसाठी बंद केलेला होता, त्यामुळे लाटा आम्ही लांबूनच पाहिल्या. माझ्या सासूबाईंनी समुद्र प्रथमच पाहिला, त्या एवढेच म्हणाल्या, "कितलं पानी शे वं माय!" मला आश्चर्य वाटले ते याचे, की वादळ अजून शेकडो किलोमीटर दूर समुद्रात होते. ते १५ जूनला कच्छमधील जखाऊ बंदराजवळ धडकले. वाऱ्याने उठवलेल्या लाटा वाऱ्याचा प्रदेश सोडून फार लांबवर प्रवास करतात, हे शाळेत वाचले होते. डोळ्यांनी पाहिले ते तेव्हा.

धुळे
मी भूगोल शिकवते, म्हणून एक मुद्दा मांडते. जुलैमध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर भिंतीवरून उसळणारे पाणी आम्ही पाहिले. त्या दिवशी "साडेचार मीटर उंचीच्या लाटा" अशी बातमी होती. वस्तुतः तो आकडा भरतीच्या पातळीचा असतो, लाटेच्या उंचीचा नव्हे. भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते, तर लाटा वाऱ्याने उठतात. उधाणाची भरती आणि नैऋत्य मोसमी वाऱ्याचा जोर एकाच वेळी आला, तरच पाणी रस्त्यावर येते. लाटांचा अंदाज हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र वेगळा देते. निघण्यापूर्वी तो पाहावा.

शिरपूर
डुमसला आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. काळसर वाळूपलीकडे चिखल आणि त्याहीपलीकडे पाण्याची रेघ. खंबातचे आखात आत निमुळते होत जाते, त्यामुळे तिकडे भरती-ओहोटीतला फरक फार मोठा असतो, आणि परतणारे पाणी पाहता पाहता जवळ येते. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्यावरची तापी आम्ही पाहिलेली आहे. पुराचे पाणी एकाच दिशेने लोटते, त्याची भीती आपल्याला ठाऊक असते; लाट मात्र आदळून परत फिरताना पायाखालची वाळू ओढून नेते. नदीकाठच्या, पट्टीच्या पोहणाऱ्या माणसानेही या ओढीला कमी लेखू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

चोपडा
माझी सासुरवाडी रत्नागिरीकडची आहे. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा घरची मंडळी समुद्राविषयी निवांत बोलतात. मामंजींनी शिकवलेला हिशेब देतो. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अदमासे वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. ही वेळ दिवसाही असते आणि रात्रीही. गुजरातच्या आखाताकडे हा हिशेब लावू नये, तेथील वेळा वेगळ्या असतात. अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे बेताची असते. खरे उधाण अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत येते. म्हणून श्रावणात कोकणात जाणाऱ्यांनी पंचांगात तिथी पाहून, दुपारी अकरा ते दोन या वेळेत उंचावरची जागा धरून बसावे. लाटा त्या वेळी सर्वांत चांगल्या दिसतात.