पणजीत हाताने घडवलेल्या फर्निचरचे प्रदर्शन: घेताना काय पाहावे?

कुळागर:
नमस्कार मंडळी. आल्तिनोवरच्या एका गॅलरीत हाताने घडवलेल्या आधुनिक फर्निचरचे प्रदर्शन लागले आहे. शनिवारी आईला घेऊन जातोय. फोंड्याच्या घरासाठी सहा माणसांचे जेवणाचे टेबल घ्यायचे मनात आहे. घर कौलारू, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. किमती शोरूमपेक्षा बऱ्याच जास्त आहेत म्हणे. पैसे नेमके कशाचे मोजतोय हे कसे ओळखायचे?

रंधा:
जरूर जा, आणि टेबल खाली वाकून बघा. वरची फळी चौकटीला कशी बसवली आहे, तिथेच कारागीर कळतो. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत जवळपास फरक पडत नाही. म्हणून भरीव लाकडाची रुंद फळी स्क्रू आणि फेविकॉलने जखडून टाकली असेल, तर आपल्या हवेत ती पुढेमागे तडकते किंवा वाकते. जाणता मेस्त (सुतार) स्क्रूसाठी लांबट भोक ठेवतो, नाहीतर खाचेत सरकणारे लाकडी गुटके लावतो. फळीला हलायला जागा मिळते.

मग फळीचे टोक पाहा. तिथे खोडाच्या वर्तुळांचे तुकडे दिसले तर लाकूड भरीव. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल तर आत प्लाय आहे का, ते स्पष्ट विचारा. प्लाय वाईट नसते, पण मग भाव भरीव लाकडाचा नको.

म्हापसेकर:
+1. खुर्च्याही घेणार असाल तर आईंना त्यात निवांत बसवा, नुसते टेकून उठू नका. टेबल साधारण 75 सेंमी आणि बैठक 45 सेंमी उंच हवी. टेप सोबत न्या, घराच्या दाराचे माप घेऊन ठेवा. वेताच्या जाळीची बैठक मिळाली तर उत्तमच, उकाड्यात पाठ घामेजत नाही.

कुळागर:
मनापासून आभार. लाकूड कोणते? सागवान, शिसव की फणस?

रंधा:
ओल असलेल्या घराला सागवान. त्यात मुळातच तेल असते, वाळवी सहसा लागत नाही. फणसही मला फार आवडतो. नवा असताना पिवळाधमक, पुढे तपकिरी होत जातो. मात्र कुठलेही लाकूड असो, गाभ्याचे हवे. सालीलगतचा फिकट भाग आधी पोखरला जातो. शिसव सुंदर, पण जड आणि महाग.

सासष्टीकर:
जमल्यास त्याआधी चांदोरचे मिनेझिस ब्रागांझा घर पाहून या. तिथले जुने शिसवी फर्निचर पाहिले की नव्या कामाकडे बघायची नजर तयार होते. तोर्ड्याचे 'हाउसेस ऑफ गोवा' म्युझियमही पाहण्यासारखे आहे.

रंधा:
आणि एक राहिले. ऑर्डर दिलीत तर पावतीवर लाकडाचे नाव, फिनिश तेलाचे की पीयूचे (पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा थर देणारे पॉलिश), आणि पुढे दुरुस्ती कोण करणार हे लिहून घ्या. घरी टेबल ओल्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.