प्रति: पूररेषा एआयच आखेल?
‘उंचीचा नकाशा एआयला दिला की सांगलीची पूररेषा तासाभरात तयार, मोजणी कशाला’ असं वर म्हटलंय. वेगाचा मुद्दा मान्य, पण त्या नकाशातली उंची येते कुठून ते बघा. फुकट मिळणाऱ्या एसआरटीएमच्या (अवकाशयानातून रडारने केलेल्या जमिनीच्या उंचीच्या मोजणीच्या) माहितीत साधारण 30 मीटरच्या चौकोनाला एकच उंची असते, त्यातही छपरं नि झाडांचे शेंडे मिसळलेले. चूक काही मीटरांची असू शकते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. मधे जेमतेम दीड मीटर! कुठल्या गल्लीतली माणसं हलवायची ते एवढ्यातच ठरतं. शिवाय एसआरटीएमची मोजणी 2000 सालची, नंतरचे भराव त्यात नाहीतच.

आणि पाणी काठावरून येण्याआधी नाल्यांतून उलटं चढतं, म्हणून प्रत्येक मोरीचा तळ मोजलेला हवा. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तेव्हाच्या खुणा ज्या भिंतींवर उरल्यात, त्यांची उंची रंगकामाआधी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून नोंदवा आणि मॉडेल त्यांच्याशी ताडून बघा. अभियांत्रिकीची मुलं हे काम सुट्टीत सहज करतील, कुणीतरी त्यांना विचारा तरी.