माळ नसलेल्याने वारीत चालावं का? मदत हवी आहे

आमचे अण्णा बावीस वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी गेले. यंदा डॉक्टरांनी गुडघ्यांमुळे साफ नाही म्हटलंय. परवा जेवताना ताटाकडे बघतच म्हणाले, "तू जाशील का रे माझ्याऐवजी?" आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

अडचण अशी की माझी श्रद्धा नाही. म्हणजे देवळात हात जोडतो, पण ते आईला बरं वाटावं म्हणून. रविवारी मासे लागतात, गळ्यात तुळशीची माळ नाही. ऑफिसात अठरा-वीस दिवसांची रजा मागितली तर साहेब हसतील. (मागच्या महिन्यात दोन दिवसांसाठीच केवढं रामायण झालं!)

म्हणून वाटतंय, माउलींच्या पालखीबरोबर निदान पुणे ते सासवड चालावं. दिवे घाटासकट तीसेक किलोमीटर होतात. पण एकच टप्पा चालून "जाऊन आलो" म्हणणं ही अण्णांची फसवणूक होईल का? त्यांनी त्यांचे टाळ कालच चिंचेने घासून माझ्या टेबलावर ठेवलेत. मला तर ठेकाही धरता येत नाही.

श्रद्धा नसताना कुणी चालला आहात का? दिंडीत अशा माणसाला सामावून घेतात, की दिंडीबाहेरून चालणंच बरं? आणि अण्णांना आधीच खरं सांगावं की परत आल्यावर? बायको म्हणते, "आधी सांगा." माझी हिंमत होत नाहीये.