शिक्षणासाठी संथ लयीचे, स्वभावाला मानवणारे गाव कसे निवडावे?

एकपायवाट:

नमस्कार. यंदा मी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाले असून सीईटीला जीवशास्त्राच्या गटात बरे गुण मिळाले आहेत. गेली दोन वर्षे शिकवणीसाठी डोंबिवलीहून दादरला लोकलने ये-जा केली. गर्दीतून घरी परतल्यावर माझ्यात वाचण्याचे किंवा विचार करण्याचे त्राणच उरत नाही, हे त्या काळात मला लख्ख कळले. मला सावकाश वाचायला आणि एकटीने दूरवर चालायला आवडते. मैत्रिणी मोजक्याच, पण जिवाभावाच्या लागतात. वनस्पतिशास्त्र किंवा वनशास्त्र शिकावे असे मनात आहे. घरच्यांचा आग्रह पुण्याचा आहे आणि त्यामागची काळजी मला समजते, तरीही चार वर्षे पुन्हा वाहतुकीत घालवण्याची माझी तयारी नाही. दापोली, सांगली आणि धारवाड अशी तीन नावे मी काढली आहेत. तेथील दिवस प्रत्यक्षात कसा जातो आणि अशा शांततेत माणूस एकलकोंडा होण्याची भीती कितपत खरी आहे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

जांभाचिरा:

मी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात चार वर्षे शिकलो, त्यामुळे त्या एकाच गावाबद्दल लिहितो. हे विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले आणि वनशास्त्राची चार वर्षांची पदवी तेथे घेता येते. गाव समुद्रसपाटीपासून उंचावर, इंग्रजांच्या जुन्या छावणीभोवती वाढलेले आहे. मुरुड, कर्दे, हर्णे ही किनाऱ्यावरची गावे एसटीने सहज गाठता येतात. सकाळी रोपवाटिकेत किंवा प्रक्षेत्रावर प्रात्यक्षिक, दुपारी वर्ग आणि संध्याकाळ संपूर्णपणे आपली, असा आमचा दिवस असे. बाजार लवकर ओसरतो. ज्याला संध्याकाळ भरून काढण्यासाठी बाहेरचे काही लागते, त्याला तेथे पहिल्याच महिन्यात कंटाळा येतो. ज्याच्याकडे स्वतःचे काही करण्यासारखे असते, त्याला तीच संध्याकाळ अपुरी पडते.

याहून महत्त्वाचे असे की तेथील विषयाची लयच संथ आहे. विद्यापीठाच्या वेंगुर्ला येथील केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ हा आंबा तयार झाला, तो १९८१ साली प्रसारित झाला. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून पातळ कोयीचा ‘सिंधू’ आला, तो १९९२ साली. कलम बांधायचे, ते धरते का पाहायचे, फळासाठी वर्षानुवर्षे थांबायचे आणि प्रत्येक हंगामाची नोंद ठेवत राहायचे, हे काम घाईच्या माणसाला जमत नाही. तुमच्या स्वभावाचे जे वर्णन तुम्ही केले आहे, ते वाचून मला सर्वप्रथम हेच आठवले. गावाची लय जुळली आणि विषयाची जुळली नाही, तर त्या शांततेचा काहीच उपयोग होत नाही.

एक इशारा मात्र मनापासून देतो. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांतच पडतो. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते, वीज जाते, दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत दापोली पाहून प्रेमात पडणारे पुष्कळ असतात. तुम्ही जुलैमध्ये जाऊन पाहा.

कृष्णाकाठी:

मी सांगलीचा रहिवासी असून माझ्या दोन्ही मुली येथेच पदवीपर्यंत शिकल्या. वरील प्रतिसादातील विषयाबद्दलचे म्हणणे मला पटते, परंतु अठराव्या वर्षी संपूर्ण निवांत गाव निवडावे का, याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. त्या वयात आवड बदलू शकते. म्हणून ज्या गावात अभ्यासाखेरीज एखादी दुसरी परंपरा जिवंत आहे, असे गाव मी सुचवीन. विश्रामबागेतील विलिंग्डन महाविद्यालय डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली सुरू केले; त्याचा परिसर प्रशस्त आणि झाडांचा आहे. शेजारचे मिरज म्हणजे सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांचे गाव. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य तेथे होते आणि दर्ग्यातील उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ आजही गायन-वादन होते. भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंतचे, म्हणजे स्वर गुंजावा म्हणून तारांखालची घोडी घासून जुळवण्यापर्यंतचे काम कारागिराच्या दुकानात बसून पाहता येते, आणि बहुतेक कारागीर जाणकारीने विचारणाऱ्याला आनंदाने समजावून सांगतात. माझी धाकटी मुलगी रसायनशास्त्र शिकत असताना तेथेच तंबोरा ऐकायला शिकली.

खोली घेताना मात्र पुराची चौकशी अवश्य करा. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे पाणी शहरात शिरले होते. त्या वेळी आपल्या गल्लीत पाणी कुठवर आले होते, हे घरमालकापेक्षा शेजाऱ्यांना विचारलेले बरे.

सायंप्रकाश:

एकलकोंडेपणाविषयी विचारले आहे, म्हणून लिहिते. मी अशाच एका लहान गावातील महाविद्यालय एका वर्षात सोडले. गाव सुंदर होते. तथापि माझ्या वर्गातील बहुतेक मुली शनिवारी आपापल्या घरी जात आणि वसतिगृहात आम्ही तिघी-चौघीच उरत असू. मी एकान्तप्रिय आहे असे मला वाटत होते, प्रत्यक्षात मला घरच्या माणसांच्या वावरातला एकान्त हवा होता. स्वयंपाकघरात आई आहे हे ठाऊक असताना बंद दारामागे वाचणे वेगळे आणि रिकाम्या इमारतीत वाचणे वेगळे. हा फरक मला आधी कळला असता तर एक वर्ष वाचले असते. तुम्ही घरापासून दूर सलग आठवडाभर एकट्या राहिल्या आहात का? नसाल, तर प्रवेशाआधी तेवढे करून पाहा. आणि सुट्टीच्या दिवशी वसतिगृहात किती मुली राहतात, हे तेथील मुलींनाच विचारा.

साधनकेरी:

धारवाडबद्दल थोडेसे. कर्नाटक महाविद्यालय १९१७ सालचे आहे, कृषी विद्यापीठही आहे, आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारख्या गवयाचे हे गाव असल्याने संगीत कानावर पडत राहते. कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती आणि त्यांनी सोलापुरात अध्यापन केले होते, इतके हे गाव आपल्याला जवळचे आहे. मात्र मैत्री आणि रोजचे व्यवहार कन्नडमध्येच चालतात. मला ती भाषा शिकण्यात फार आनंद मिळाला. ज्याला तो आनंद वाटणार नाही, त्याने येथे येऊ नये. शिवाय राज्य बदलते, तेव्हा महाराष्ट्रातील आरक्षण आणि शिष्यवृत्त्या गृहीत धरू नका.

एकपायवाट:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सायंप्रकाश ताईंचा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नाही, कारण मी आजवर एक रात्रही एकटी राहिलेली नाही. कन्नड शिकण्याची ओढ सध्या तरी माझ्यात नाही, म्हणून धारवाड बाजूला ठेवते. बाबांशी काल बोलले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दापोलीला मावशीच्या परिचयातील एका घरी सहा दिवस एकटीने राहायचे, आणि त्यानंतर दोघांनी मिळून सांगली पाहून यायची, असे ठरले आहे. जांभाचिरा, खेड स्थानकावर दुपारी उतरल्यास दापोलीची एसटी स्थानकाबाहेरून मिळते, की खेडच्या बसस्थानकावर जावे लागते?