मदत हवी आहे: फूबार२०००मध्ये मराठी नावांची प्रश्नचिन्हं, आवाज कमीजास्त आणि मोनो फायली अडतात

सांजसूर (धागाकर्ती)

नव्या संगणकावर (विंडोज ११) फूबार२००० या गाणी वाजवायच्या प्रोग्रामची आवृत्ती २, ६४ बिट टाकली आहे. संग्रह बाहेरच्या डिस्कवर आहे. साधारण ९,००० फायली, त्यातल्या दोनतृतीयांश एमपी३ आणि बाकीच्या फ्लॅक (गुणवत्ता न घटवता ध्वनी साठवणारा प्रकार). जुन्या संगणकावर आवृत्ती १.६ आहे आणि तो अजून चालतो.

अडचणी:

१. बऱ्याच एमपी३ फायलींची देवनागरी नावं बिघडलेली दिसतात. काही ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं, काही ठिकाणी टोप्या घातलेली रोमन अक्षरं. फ्लॅक फायली मात्र सगळ्या नीट.

२. एका गाण्याचा आवाज हळू, तर पुढचं एकदम अंगावर येतं.

३. 'आउटपुट'मध्ये 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलेलं उपकरण निवडलं की जुन्या ध्वनिमुद्रणांपैकी काही वाजतच नाहीत. फॉरमॅट चालत नाही असा संदेश येतो.

४. सलग मैफिलीचे जे तुकडे केले आहेत, त्यांच्या सांध्यावर क्षणभर शांतता येते.

रेटिंग आणि 'किती वेळा वाजलं' हे आकडे जुन्या संगणकावर आहेत, ते जपायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

---

टॅगबहाद्दर

नावांपासून. बिघडलेली नावं तीन तऱ्हांची असतात आणि तिन्हींचं औषध वेगळं.

चौकोनी डबे दिसत असतील तर फाइल ठीक आहे, निवडलेल्या फॉन्टात देवनागरी नाही एवढंच. नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा, तिथे नीट दिसलं तर दोष फॉन्टचा. 'प्रेफरन्सेस' (कंट्रोल + पी), मग 'डिस्प्ले', 'डिफॉल्ट यूजर इंटरफेस', 'कलर्स अँड फॉन्ट्स' इथे जाऊन निर्मला यूआय निवडा. तो विंडोजसोबतच येतो.

टोपीवाली अक्षरं म्हणजे मजकूर शाबूत आहे, वाचणारा चुकतोय. यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपी सामावणारं युनिकोड साठवायची एक रीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं आणि पहिला बाइट कायम तोच. तो पश्चिम युरोपीय तक्त्यातून (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याची यादी) वाचला की टोपीवाला 'ए' दिसतो, त्यामागे बहुतेक वेळा चलनाचं गोल चिन्ह. ही जोडी ओळीत पुन्हा पुन्हा आली की खूण पटली. हे दुरुस्त होतं.

सरळ प्रश्नचिन्हं म्हणजे मजकूर गेला. युनिकोड न जाणणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने टॅग (फाइलीतच लिहिलेली शीर्षक, कलाकार वगैरे माहिती) जतन करताना त्याच्या तक्त्यात नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं. त्यातून मूळ नाव कोणतंही साधन काढून देणार नाही. ते दुसरीकडून आणावं लागेल, बहुधा फाइलीच्या नावातून. विंडोज फाइलींची नावं युनिकोडमध्येच ठेवतं, त्यामुळे टॅग मेला तरी फाइलीचं नाव जिवंत असतं.

फ्लॅक सुटल्या यात नवल नाही. त्यांचे टॅग नियमानेच यूटीएफ-८ मध्ये असतात, घोळाला जागा नाही. एमपी३चं तसं नाही. आयडी३ या एमपी३ टॅगांच्या पद्धतीच्या जुन्या आवृत्ती १ मध्ये शीर्षकाला ३० बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम १० चिन्हं, आणि लिपी कुठली हे सांगायची सोयच नाही. आवृत्ती २.३ मध्ये यूटीएफ-१६ चालतं, २.४ मध्ये यूटीएफ-८ सुद्धा. एकाच फाइलीत नवा-जुना असे दोन टॅग नांदू शकतात. म्हणून एका प्रोग्राममध्ये नाव बरोबर आणि दुसऱ्यात चुकीचं असंही दिसतं.

टोपीवाल्यांसाठी 'चॅकॉन' नावाचा घटक (फूबारला जोडायची पुरवणी) मिळतो. फायली निवडायच्या, उजव्या क्लिकमधून तो उघडायचा, यूटीएफ-८ निवडायचं आणि आधी नमुना बघायचा. नमुन्यात मराठी दिसलं तरच पुढे जायचं. पहिल्या झटक्यात ५ फायली घ्या, ९,००० नव्हे.

---

हळूहळू_चला

थांबा, नावांना अजून हात लावू नका!

रेटिंग आणि वाजल्याचे आकडे 'प्लेबॅक स्टॅटिस्टिक्स' हा घटक ठेवतो. ते फाइलीत नसतात, प्रोग्रामच्या आपल्या नोंदवहीत असतात. ती नोंद कलाकार, अल्बम, शीर्षक, क्रमांक अशा टॅगांना बांधलेली असते. टॅग बदलला की प्रोग्रामच्या लेखी ते नवं गाणं होतं आणि आकडे शून्यावर येतात.

म्हणून क्रम असा ठेवा. डिस्क आधी जुन्या संगणकाला लावा. सगळी गाणी निवडून उजव्या क्लिकमधल्या 'प्लेबॅक स्टॅटिस्टिक्स'खाली आकडे फाइलीच्या टॅगांत लिहायची आज्ञा द्या. मग डिस्क नव्या संगणकावर आणा आणि नावं दुरुस्त करा. ती झाल्यावर त्याच मेनूतून टॅगांतले आकडे परत आत घ्या. आकडे म्हणजे नुसते अंक, लिपीच्या गोंधळात ते सापडत नाहीत.

दोन अटी आहेत. नव्या संगणकावर हा घटक वेगळा टाकावा लागतो. आणि डिस्कवरचं फोल्डर 'मीडिया लायब्ररी'त जोडलेलं हवं, कारण लायब्ररीबाहेरच्या गाण्यांचे आकडे तो ठेवत नाही.

ज्या गाण्यांचं सगळंच प्रश्नचिन्ह झालंय, त्यांच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. चार गाण्यांचे टॅग हुबेहूब एकसारखे असतील तर त्यांची नोंदही एकच.

---

टॅगबहाद्दर

हे माझ्याकडून राहिलं, बरं झालं सांगितलंत. सांजसूर, यांचाच क्रम धरा.

चॅकॉनबद्दल दोन गोष्टी. एक, ३२ बिटसाठी बनलेले घटक ६४ बिट आवृत्तीत चढत नाहीत. मिळालेली प्रत चढली नाही तर फूबारची ३२ बिट आवृत्ती वेगळ्या फोल्डरात 'पोर्टेबल' पर्याय निवडून टाका. तिची सेटिंग्ज तिच्याच फोल्डरात राहतात, मुख्य प्रतीला धक्का लागत नाही. काम झालं की फोल्डर पुसून टाका.

दोन, दुरुस्तीनंतर जोडाक्षरं नीट वाचा. पश्चिम युरोपीय विंडोज तक्त्यात ५ जागा रिकाम्या आहेत, आणि देवनागरीतल्या हलन्ताचा तिसरा बाइट नेमका त्यातल्या एका जागेवर पडतो. पहिला उकार, ए, ऐ, झ आणि चंद्रबिंदू यांचंही तेच. मधल्या एखाद्या प्रोग्रामने रिकाम्या जागेवरचे बाइट गाळले असतील तर नाव परत येतं, पण जोडाक्षरांपाशी आणि उकारापाशी लंगडतं. अशी नावं हातानेच सुधारायची.

प्रश्नचिन्हांच्या फायली: 'टायटल' स्तंभावर क्लिक करून क्रम लावला की त्या एका ठिकाणी गोळा होतात. त्या निवडा, ऑल्ट + एंटरने 'प्रॉपर्टीज' उघडा, 'टूल्स'मधून टॅग आपोआप भरायचा पर्याय घ्या. फाइलीचं नाव '०३ - शीर्षक' असं असेल तर साच्यात आधी ट्रॅकनंबर, मग डॅश, मग टायटल. दोन्ही शब्द रोमन लिपीत, प्रत्येकाच्या मागेपुढे टक्केचिन्ह. डॅशच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा फाइलीच्या नावात असेल तशीच साच्यात हवी, नाहीतर साचा जुळत नाही. अल्बमचं नाव फोल्डरात असेल तर साच्यात आधी अल्बम, मग उलटी तिरपी रेघ, मग बाकीचं.

---

बिटमोजणी

तिसऱ्या अडचणीबद्दल. एक्सक्लुझिव्ह निवडलं की फूबार विंडोजचा मिक्सर (सगळ्या प्रोग्रामांचा आवाज एकत्र करणारा भाग) ओलांडून थेट उपकरणाशी बोलतो. मिक्सर असताना तो प्रत्येक गोष्ट उपकरणाला पेलेल अशी करून देत होता. आता फाइल जशी आहे तशी उपकरणापुढे जाते आणि बरीच उपकरणं एका वाहिनीचा ध्वनी घेतच नाहीत. तुमची जुनी ध्वनिमुद्रणं मोनो असणार. खात्री करायला 'प्रॉपर्टीज'च्या तपशिलांत 'चॅनल्स' १ आहे का पाहा.

उपाय: 'प्रेफरन्सेस', 'प्लेबॅक', 'डीएसपी मॅनेजर' (ध्वनीवर प्रक्रिया करणाऱ्या सोयींची यादी). उपलब्ध यादीतून 'कन्व्हर्ट मोनो टू स्टिरिओ' चालू यादीत आणा. एवढंच. दोन्ही वाहिन्यांना तोच ध्वनी जातो, स्टिरिओ फायलींना काही होत नाही.

स्टिरिओ असूनही एखादी फाइल अडली तर तिचा सॅम्पल रेट (दर सेकंदाला ध्वनीचे किती नमुने) बघा. ९६,००० किंवा १,९२,००० हर्ट्झ उपकरणाला झेपत नसेल तर त्याच यादीतून हा दर बदलणारा 'रीसॅम्पलर' आणा. आणि संदेश 'उपकरण दुसऱ्याच्या वापरात आहे' असा येत असेल तर विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये उपकरणाच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर एक्सक्लुझिव्ह ताबा द्यायची खूण आहे का तपासा.

खरं सांगायचं तर एक्सक्लुझिव्हची गरज आहे का, हे आधी ठरवा. संग्रह सीडीवरून उतरवलेला असेल तर जवळपास सगळं ४४,१०० हर्ट्झचं असतं. त्याच 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर उपकरणाचा दर ४४,१०० ठेवून साधं उपकरण निवडलं, तर विंडोजला दर बदलावाच लागत नाही. बाकीच्या प्रोग्रामांचा आवाजही बंद पडत नाही. लोक एक्सक्लुझिव्ह चालू करतात आणि मग व्हिडिओला आवाज का नाही म्हणून वेगळा धागा काढतात.

---

कोमल_निषाद

आवाजाच्या चढउतारावर उपाय 'रिप्लेगेन', म्हणजे गाण्यांचा आवाज मोजून तो सारख्या पातळीवर आणायची सोय. पण नावं दुरुस्त झाल्यावरच, कारण मोजणी अल्बमच्या टॅगवरून गट पाडते. २०० गाण्यांचा अल्बम जर '????' असेल तर ती सगळी एकच अल्बम समजून मोजली जातील आणि आकडा निरर्थक येईल.

सगळं निवडा, उजवा क्लिक, 'रिप्लेगेन', त्यातला टॅगांनुसार अल्बम धरून मोजणारा पर्याय. मोजणी -१८ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) ही पातळी धरते, जुन्या भाषेत ८९ डेसिबल. मूळ ध्वनी बदलत नाही. 'इतकं कमी करा, इतकं वाढवा' एवढी टॅगात नोंद होते.

नोंद करून भागत नाही, ती पाळायलाही सांगावं लागतं, आणि 'मोजलं पण फरक नाही' ही तक्रार इथूनच येते. 'प्रेफरन्सेस', 'प्लेबॅक' इथे रिप्लेगेनचा स्रोत 'ट्रॅक' की 'अल्बम' ते निवडा. मिसळून ऐकत असाल तर ट्रॅक. अल्बम सलग ऐकत असाल तर अल्बम, म्हणजे त्यातला मुद्दाम हळू ठेवलेला भाग हळूच राहतो. प्लेबॅकच्या क्रमानुसार आपोआप ठरवणाराही पर्याय आहे. त्याखाली गेन लागू करून पीक (सर्वांत मोठा आवाज) पाहून क्लिपिंग, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला आवाज फाटणं, टाळणारा पर्याय घ्या. ज्या फायलींची मोजणी झालेली नाही त्यांचा प्रीअँप (सरसकट आवाज कमीजास्त करायचा आकडा) -६ ते -८ डेसिबलवर आणा, नाहीतर नवं टाकलेलं पहिलंच गाणं दचकवतं.

---

सांजसूर

सगळ्यांचे आभार. आकडे टॅगांत लिहून झाले, टोपीवाली नावं सुधारली, मोनो फायली वाजतात. उरलेले प्रश्न दोन. 'वाऱ्या' असलेलं एक अल्बमचं नाव यादीत दोनदा येतं, दोन्ही अगदी सारखी दिसतात. आणि सांध्यावरची शांतता अजून आहे, फक्त काही एमपी३ मध्ये.

---

टॅगबहाद्दर

दिसतात सारखी, आतून वेगळी. आपला ऱ्य दोन रीतींनी टंकता येतो. एक ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य. दुसरी रीत साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक आणि य. पडद्यावर तोच आकार, प्रोग्रामला दोन शब्द. शेवटी राहिलेली मोकळी जागाही असाच घोळ घालते. दोन्ही गटांतली गाणी एकत्र निवडा, ऑल्ट + एंटर, अल्बमचं नाव एकदाच नव्याने टंका. जुनं कॉपी करू नका, नाहीतर तोच जोडक पुन्हा आत येईल.

ही दुरुस्ती वाजल्याचे आकडे परत आत घेण्याआधीच करा, म्हणजे नोंद शेवटच्या नावालाच बांधली जाईल.

---

बिटमोजणी

एमपी३ १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत भरतं. गाणं चौकटीत नेमकं बसत नाही, म्हणून एन्कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्राम) सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो. लेमसारखा एन्कोडर किती भरली ते फाइलीच्या डोक्यावर लिहून ठेवतो आणि फूबार ती बरोबर कापतो. तुमच्या ज्या फायलींत खंड येतो त्यांत ती नोंद नसणार, एकतर एन्कोडरने लिहिली नाही किंवा फाइल नंतर एखाद्या कातरणाऱ्या साधनातून गेली. नोंद नसेल तर किती कापायचं हे प्लेअरला कळायला मार्ग नाही.

मूळ सीडी किंवा फ्लॅक असेल तर तिथून पुन्हा बनवा, तोच खरा इलाज. नसेल तर 'डीएसपी मॅनेजर'मध्ये 'स्किप सायलेन्स' आहे, पण ते गायकाने घेतलेला विरामही गिळू शकतं. मैफिलीला लावू नका. एमपी३चं पुन्हा एमपी३ तर अजिबात करू नका, गुणवत्ताही जाते आणि नवी शांतता भरली जाते.

---

सांजसूर

त्यातल्या निम्म्या मैफिलींच्या सीडी आहेत, त्या थेट फ्लॅकमध्ये उतरवते. मग जुन्या एमपी३चं रेटिंग नव्या फ्लॅकला लागेल का?

---

हळूहळू_चला

लागेल, जर शीर्षक, कलाकार, अल्बम, तारीख, क्रमांक हे सगळे टॅग अक्षरशः तेच असतील. नोंद टॅगांना बांधलेली आहे, फाइलीच्या प्रकाराला नाही. दोन्ही फायली एकत्र निवडून 'प्रॉपर्टीज' उघडा. एखाद्या रकान्यात दोन वेगळ्या किमती दिसल्या तर तिथेच फरक आहे. फ्लॅकला रेटिंग दिसेपर्यंत एमपी३ पुसू नका.